कच्ची फुंकर

३ फेब्रुवारी

आज दादाने माझे सगळे फ्लूट नापास केले, आणि तेही एकही तोंडाला न लावता.

मी सकाळपासून काउंटर पुसून पेट्या ओळीने उघडून ठेवल्या होत्या. आत निळी मखमल, तिच्यात तीन तुकड्यांत निजलेले चकचकीत फ्लूट. दादा आला, चष्मा पुसला, पहिला फ्लूट जोडला, खिडकीकडे धरून एक डोळा मिटून नळीतून बघितलं, अंगठ्याने एक चावी जराशी बाजूला ढकलली आणि ठेवून दिला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच.

"परत पाठव," म्हणाला.

"अरे, निदान वाजवून तरी बघ!"

"परत पाठव सगळे. चाव्या लोण्याच्या आहेत."

लोण्याच्या म्हणे! मी चिडून एक चावी दाबून बघितली, तर ती खरंच वाकली आणि काही केल्या सरळ होईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःचा शहाणपणा वाचून हसता येईल. आमचं दुकान शिलाई मशीनचं, विक्री आणि दुरुस्ती. पण हल्ली लोक तयार कपडे घेतात आणि मशीनवर कुंडी ठेवतात. दिवस दिवस कोणी पायरी चढत नाही. म्हणून मी वाद्यं विकायचं मनावर घेतलं. मुलींच्या शाळेला बँड उभा करायचाय. तिथल्या संगीतबाईंना बारा फ्लूट आणि दोन पिकोलो हवेत, स्वस्तातले, पण मुलींच्या हातात टिकतील असे. पिकोलो म्हणजे फ्लूटचं शेंडेफळ, हातभरसुद्धा लांब नाही, पण वाजायला लागला की थोरल्या सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. बाईंची अट एकच. "मास्तरांनी ऐकून पास केलेले असतील, तर मी पेटी उघडूनसुद्धा बघणार नाही."

मास्तर म्हणजे आमचा दादा, माझा थोरला भाऊ, शहराच्या बँडचा जन्मभराचा मास्तर. संगीतबाई त्याच्याच तालमीत तयार झालेल्या. वहिनी गेल्यापासून तो दुकानासमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटा राहतो. त्याचा कान आणि माझं दुकान, एवढ्याच भांडवलावर हे चाललंय. शाळेची ही मागणी हातची गेली तर उन्हाळ्यात शटर ओढायचं, असं मी ठरवलंय. आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

६ फेब्रुवारी

दादाला घेऊन ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात गेले. या व्यापाऱ्याचं नाव मी गोडबोल्या ठेवलंय. त्याने वाकलेल्या चावीसकट सगळा माल हसत परत घेतला आणि वर चहा पाजला, म्हणजे पुढे कुठेतरी वसूल करणार. मग दुसऱ्या बनावटीचा एक फ्लूट काढून त्याने स्वतःच असा काही वाजवला, की मी मनातल्या मनात सगळा माल उचलून मोकळी झाले.

दादा त्याच्या बोटांकडे बघत होता. "तुम्ही छान वाजवता," तो म्हणाला. "म्हणूनच तुम्ही वाजवू नका."

हे कौतुक की अपमान, ते गोडबोल्याला कळेना.

"मीही वाजवणार नाही," दादा पुढे म्हणाला. "जाणता माणूस वाईट फ्लूटलाही सांभाळून घेतो. चावी नीट बसत नसेल तर बोट दाबून धरतो, सूर उतरत असेल तर ओठाने उचलतो. आपण काय केलं ते त्याचं त्यालाही कळत नाही. लहान पोरीला हे कुठून जमणार? ती आपली रडत घरी जाते आणि सांगते, मला फ्लूट येत नाही." मग त्याने तो फ्लूट माझ्यापुढे धरला. "ठके, तू फुंक."

"मी?"

"काहीही येत नाही असं माणूस हवंय. तुझ्याइतकं चांगलं कोण मिळणार?"

साठी ओलांडल्यावर माणसाला ठकी म्हणणारं आता एकच तोंड उरलंय, म्हणून मी निमूट फुंकलं. हवा या टोकाने आत गेली आणि त्या टोकाने बाहेर आली, मध्ये सूर काही भेटला नाही. गोडबोल्या खोकल्याच्या निमित्ताने हसला. दादा मात्र खूश.

"अशीच कच्ची फुंकर हवी," म्हणाला. "जपून ठेव ही."

कौतुक करावं तर आमच्या दादाने.

११ फेब्रुवारी

रोज दुपारी दादा दुकानात येतो आणि माझी शिकवणी घेतो. गोडबोल्याकडून नमुन्याचे दोन फ्लूट आणलेत, त्यांवर. आधी चांदीचा मुलामा बघायचा, कुठे फोड किंवा बुडबुडा आहे का. मग तुकडे जोडून बघायचे. फिरवत फिरवत आत जायला हवेत, ढकलावे लागता कामा नयेत आणि गळूनही पडता कामा नयेत. डोक्याच्या तुकड्यात एक बूच असतं. त्या तुकड्याच्या उघड्या टोकावर तळहात दाबायचा आणि फुंकायच्या भोकातून हवा ओढायची. ओठ चिकटून राहिला तर बूच ठीक, सुटला तर हवा गळते. माझा ओठ परवा असा चिकटला की आलेलं गिऱ्हाईक घाबरलं.

शेवटची परीक्षा कागदाची. प्रत्येक चावीच्या खाली एक मऊ गादी असते, ती भोकावर सगळीकडून सारखी बसली पाहिजे. सिगारेट वळायच्या पातळ कागदाची पट्टी गादीखाली ठेवायची, चावी अलगद दाबायची आणि कागद ओढायचा. चारी बाजूंनी सारखाच अडला पाहिजे. एका बाजूने सुळकन निघाला की तिथून हवा जाते.

स्प्रिंग आणि स्क्रू मात्र मला कोणी शिकवायला नको. चावी दांड्यावर डावीउजवीकडे हलते, त्याला आम्ही मशीनवाले 'खेळ' म्हणतो. दादाने ज्या फ्लूटला "ठीक" म्हटलं, त्यात मी तीन चाव्यांत खेळ दाखवून दिला. त्याने मान डोलावली. मला लहानपणी पास झाल्यावर व्हायचा तसा आनंद झाला.

तरी एक शंका मनातून जात नाही. हा स्वतः घटकाभर वाजवून का बघत नाही? जाणता माणूस सांभाळून घेतो, हे ठीक. पण ऐकणाऱ्याने ऐकलं तर एका फुंकरीत निकाल, आणि आम्ही आपले कागद ओढतोय. मला वाटतं त्याला एकटेपणात हा विरंगुळा मिळालाय आणि तो पुरवून पुरवून खातोय.

शिवाय त्याचा हेकटपणा वाढलाय. काल डबा द्यायला गेले, घंटा वाजवून वाजवून बोट दुखलं, दार उघडलं नाही. शेवटी खालून खिडकीत दिसेल असा हात हलवला, तेव्हा आला. "झोपला होतास?" तर म्हणे, "नाही, वाचत होतो." म्हणजे घंटा ऐकून बसून राहिला! आमचे हे जन्मभर पाणीपुरवठ्यात मीटर वाचत फिरले, त्यामुळे सगळ्या गोष्टी त्यांना नळासारख्या दिसतात. हे संध्याकाळी जाऊन घंटा तपासून आले आणि म्हणाले, "घंटा उत्तम आहे. वायर उत्तम आहे. आता तपासायचं काय राहिलं, ते तूच बघ."

मी हसले. ह्यांचे विनोद निम्मे कळतात, निम्म्यांना मी हसून घेते.

१५ फेब्रुवारी

आज सूर निघाला! खालचा नाही, मधला, तोही डळमळता, पण सूर. डोकं गरगरलं म्हणून खुर्चीत बसले आणि बसूनही फुंकत राहिले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. "खालचा ओठ सैल सोड," म्हणाला, "आणि हनुवटी चपटी ठेव." तसं केल्यावर सूर स्थिर झाला. लगेच म्हणतो, "बस, याहून जास्त शिकू नकोस."

२० फेब्रुवारी

गोदामात पूर्ण दिवस. गोडबोल्याने तीन बनावटी पुढे केल्या. पहिल्या बनावटीच्या चाव्या लोण्याच्या. दुसरीच्या गाद्या कागदावर पास, पण शेपटीचा तुकडा हातात धरला की निसटायचा. तिसरी दिसायला सगळ्यांत गरीब, मुलाम्याला फारशी चमक नाही, पण चावी सोडली की टुणकन वर येते आणि कागद चारी बाजूंनी अडतो. मी एकेक फुंकत गेले. जो माझ्या कच्च्या फुंकरीला खालचा सूर देईल, अगदी डळमळता का होईना, तो डावीकडे. न देईल तो उजवीकडे, परत कागदाखाली. माझं डोकं इतकं हलकं झालं की मध्येच गोण्यांवर आडवी पडले.

भाव ठरवताना दादाने जे केलं ते पाहून मी थक्क झाले. गोडबोल्या त्याच्या उजव्या अंगाला उभा राहून एक आकडा बोलला. दादा मान खाली घालून फ्लूटच्या चाव्या न्याहाळत राहिला, हूं की चूं नाही. गोडबोल्याने आकडा उतरवला. दादा ढिम्म. पुन्हा उतरवला. दादाने शांतपणे फ्लूट पेटीत ठेवला आणि वर बघून विचारलं, "मग, भाव काय म्हणता?"

गोडबोल्याने कपाळाला हात लावला आणि आणखी उतरवला. मौनं सर्वार्थसाधनम्! मी जन्मभर दुकान चालवलं, घसा फोडून घासाघीस केली, आणि ही विद्या घरातच होती.

घरी हे सांगितलं, तर हे नुसते चहाच्या कपात बघत राहिले. कोणाचं कौतुक करायला ह्यांच्या जिवावर येतं.

२६ फेब्रुवारी

पिकोलो. देवा रे.

फ्लूटला मी सरावले होते, पण हे पोर वेगळंच. फुंकायचं भोक एवढंसं, ओठ त्याच्यावर बसतो कुठे आणि हवा जाते कुठे. दादाने फोनवर सूर दाखवणारा काटा लावून घेतला होता. मी वाजवायचं आणि त्याने काटा बघायचा. काटा मध्यावर आला की तो समाधानाने मान हलवी. कागदाची परीक्षा झाली, बुचाची झाली, दोन पिकोलो काट्यावर उत्तम उतरले.

त्यांतल्या दुसऱ्याला वरचे सूर काढताना सारखा सूं सूं आवाज येत होता, सुराच्या बरोबरीने. सापाने मध्ये तोंड घातल्यासारखा. मी तीनचारदा थांबले.

"काय झालं?" दादा म्हणाला.

"काही नाही, मीच."

"काय ऐकू येतंय ते सांगत जा, ठके."

"तुला येतंयच की."

दादाने फोन जवळ ओढला. जरा वेळ काट्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "काटा ठीक आहे." दोन्ही पिकोलो पास.

मला एकदा वाटलं, त्या सूं सूंबद्दल विचारावं. पण त्याच्यासारख्या माणसासमोर आपली फुंकर फाटकी आहे हे किती वेळा सांगायचं? आता सांगून सांगून मलाच कंटाळा आलाय.

२ मार्च

शाळेत माल पोचवला. संगीतखोलीत खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, फळ्यावर पाच रेघा कायमच्या रंगवलेल्या. मुलींनी पेट्यांवर झडप घातली. एक चष्मेवाली चिमुरडी फ्लूट उलटा धरून डाव्या खांद्यावर घेऊन उभी राहिली आणि सगळ्या हसल्या.

बाईंनी खरोखरच एकही पेटी तपासली नाही. एवढंच विचारलं, "मास्तरांनी ऐकलेत ना सगळे?"

"हो तर," मी म्हणाले. "समोर बसून."

बऱ्याच दिवसांनी जिने उतरताना गुडघे दुखले नाहीत.

९ मार्च

बाई स्वतः दुकानात आल्या. पिशवीतून एक पिकोलो काढला आणि काउंटरवर ठेवला.

"काकू, फ्लूट सगळे छान आहेत. एक पिकोलोही छान आहे. हा मात्र वर गेला की फुत्कारतो. मुलगी दोन दिवस रडत होती, तिला वाटलं तिचंच चुकतंय. मग मी वाजवून बघितला. माझ्याकडूनही फुत्कारला." त्या जरा थांबल्या. "मास्तरांच्या कानातून हा सुटला कसा?"

मी म्हणाले, विचारून सांगते. बाई गेल्यावर पिकोलो उजेडात धरला आणि फुंकायच्या भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. पलीकडच्या काठावर नख अडलं. धातूची केसासारखी कड राहिली होती, घासायची विसरलेली. मशीनच्या सुईखालच्या पट्टीवर अशी कड आली की धागा तुटत राहतो आणि गिऱ्हाईक धाग्याला शिव्या देतं. मी अशा कितीतरी पट्ट्या घासून दिल्यात. आणि इथे माझ्या ओठाखाली होती तर मला कळली नाही.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं उलटं झालं. अंगण खरंच वाकडं होतं, आणि मी म्हणत बसले, मला नाचता येत नाही.

पण दादा? त्याने कसं सोडलं?

समोर गेले. घंटा वाजवली नाही, खिडकीखालून हात हलवला. त्याने दार उघडलं. मी पिकोलो टेबलावर ठेवला आणि पाठमोरी होऊन चपला काढता काढता म्हणाले, "बाईंनी परत दिलाय, वरच्या सुरांत फुत्कारतो." वळले तर तो माझ्याकडे वाट बघितल्यासारखा बघत होता.

"पुन्हा सांग," म्हणाला. "माझ्याकडे बघून."

मी त्याच्याकडे बघून सांगितलं.

"तुला ऐकू आलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं माझंच चुकतंय. तू शेजारी बसलायस, तू काही म्हणत नाहीस, म्हणजे ठीकच असणार."

"आणि मला वाटलं," दादा म्हणाला, "तू काही म्हणत नाहीस, म्हणजे ठीकच असणार."

दोघंही खुर्च्यांवर बसलो. कपाटावर त्याचा रेडिओ होता, वायर गुंडाळून रबर लावलेला. कधीपासून तसा आहे कोण जाणे, मी दर आठवड्याला त्याच्यासमोर बसून चहा पिते.

"वरचं आधी गेलं," तो म्हणाला. "पाखरं गेली, पिकोलो गेला, दाराची घंटा गेली. मग हळूहळू माणसं. आता समोर तोंड असलं की कळतं. तुझी वहिनी होती तोवर ती सांगायची, कोण काय म्हणालं ते. ती हळूच माझ्या हातावर बोट टेकवायची, मग मी बघायचो."

मला आठवलं. मला वाटायचं, म्हातारपणी यांचं प्रेम फार उतू चाललंय.

"मग ते जाणता माणूस सांभाळून घेतो, ते सगळं खोटंच?"

"खरं होतं," दादा म्हणाला. "माझ्या सोयीचंही होतं."

१० मार्च

दिवसभर त्याचा राग आला. संध्याकाळी माझा आला. कागद, बूच, खेळ, काटा, सगळ्या परीक्षा डोळ्याच्या आणि बोटाच्या होत्या. कानाची एकच परीक्षा होती, ती त्याने माझ्याकडे दिली होती, आणि ती सोडून मी सगळ्यांत पहिली आले.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगत होतो की. तू हसत होतीस."

बाईंना काय सांगायचं, यावर मात्र माझं ठरलंय. कारखान्याचा दोष म्हणायचं आणि पिकोलो बदलून द्यायचा. खोटंही नाही ते. मास्तरांनी ऐकलेत असं मी तोंडाने सांगून बसलेय, आता ते परत कसं घेऊ? दादाचा कान गेला हे शहरात कळलं तर माझ्या दुकानाचं होईल ते होईल, पण त्याचं काय उरेल? लोक त्याला अजून रस्त्यात थांबवून मास्तर म्हणतात.

१२ मार्च

मी एकटीच जाणार होते. दादा कोट घालून खाली उभा.

संगीतखोलीत बाई एकट्या होत्या. मी कारखान्याचा 'का' म्हणायच्या आधी दादाने सांगून टाकलं. "हा मी ऐकून पास केलेला नाही. कुठलाच केलेला नाही. मला ऐकू येत नाही."

बाई फळा पुसत होत्या, तो पुसायच्या थांबल्या. मला वाटलं, आता संपलं. त्या आमच्या एका अंगाला उभ्या होत्या, तिथून येऊन दादाच्या समोर खुर्चीवर बसल्या आणि तोंड उजेडाकडे करून सावकाश बोलल्या.

"मग कोणी ऐकले?"

"हिने."

बाई माझ्याकडे वळल्या. "सगळे फ्लूट तुम्ही वाजवून घेतलेत, काकू?"

"वाजवून नाही हो, फुंकून. मला काही येत नाही. म्हणजे येत नाही म्हणूनच..." आणि मी ते जाणत्या माणसाचं आणि रडणाऱ्या पोरीचं सगळं सांगितलं, नीट सांगता येईना तरी. शेवटी म्हणाले, "मी तुम्हाला दादाने ऐकलेत असं सांगितलं, ते चुकलं. पण मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं."

बाईंनी हातातलं डस्टर बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "फ्लूटांतला एकही परत आलेला नाही. मी पूर्वी आणले होते, त्यांतले निम्मे महिन्याभरात कपाटात गेले होते. दुसरा पिकोलो द्या. आणि या वेळी जे ऐकू येईल ते बोला, काकू. चुकीचं वाटलं तरी बोला."

निघताना त्यांनी दादाला वाकून नमस्कार केला. तो दारात उभा राहून खोलीकडे बघत होता. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाला, "तिने माझ्यासमोर बसून बोलायला किती लवकर घेतलं, नाही?" मला त्याच्याइतकं सुचत नाही, पण मला वाटतं बाईंना बरंच आधीपासून ठाऊक असावं.

१६ मार्च

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आम्ही तर पिकोलो. गोदामात आज मी जे जे ऐकू आलं ते बोलत होते. "सूं सूं आहे." "आता नाही." "आता पुन्हा." "हा खरखरतो." "हा गोड आहे, पण पोटात दुखतंय." दादाने समोर बसून सगळं माझ्या ओठांवरून वाचलं. एक नवी परीक्षा मी घातली. रेशमी धागा फुंकायच्या भोकाच्या कडेवरून ओढायचा, कड असेल तर धागा अडतो. दादाने धागा स्वतःच्या हाताने दोनदा ओढून बघितला आणि म्हणाला, "हे मला कधी सुचलं नव्हतं." मी घरी येईपर्यंत हवेत होते.

२८ मार्च

मुलींचा बँड आज पहिल्यांदा आईवडिलांसमोर वाजला. चांगला वाजला असं म्हणता येणार नाही. पण वाजला, आणि एकही फ्लूट मुका झाला नाही. पिकोलोवाली मुलगी वरच्या सुरापर्यंत गेली, तिथे जरा घाबरली आणि मग तशीच उभी राहिली सुरावर. मला रडू आलं, उगाच लपवत नाही.

दादा पहिल्या रांगेत बसून बोटांकडे बघत होता. कार्यक्रम झाल्यावर चष्मेवाल्या चिमुरडीला बोलावून म्हणाला, "तुझ्या उजव्या करंगळीची चावी उशिरा वर येते. काकूंना दाखव, स्प्रिंग बसवून देतील." ती म्हणाली, "आजोबा, तुम्हाला एवढ्यातून ऐकू आलं?" दादा तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "दिसलं."

६ एप्रिल

दुसऱ्या एका शाळेची मागणी आलीय. संगीतबाईंनीच पाठवली. गोडबोल्याने माल या वेळी दुकानातच आणून टाकला, आमच्या गोदामातल्या फेऱ्यांची त्याने धास्ती घेतलीय.

मी पहिला फ्लूट उचलून फुंकला. खालचा सूर, भरदार, स्वच्छ. दुसरा, तोही. तिसरा, चौथा. एकही उजवीकडे जाईना. "दादा, माल सुधारलाय रे! गोडबोल्याला अक्कल आली!"

दादा हल्ली फ्लूटच्या पलीकडच्या टोकाला दोन बोटं टेकवून सुराची थरथर पकडत बसतो, आता लपवायचं काही नाही म्हणून उघड. त्याने माझ्या हातातला फ्लूट घेतला, शेपटीच्या चावीखाली कागद ठेवला, अलगद दाबली आणि ओढला. कागद सुळकन बाहेर.

"गळतोय," म्हणाला. "तू बोट दाबून धरलंस."

"मी? छे."

"ओठही उचललास. कळत नाही ते. माल तोच आहे, ठके. तू सुधारलीस." मग गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "उद्यापासून तू चालणार नाहीस."

ही बढती की हकालपट्टी, ते ठरवेपर्यंत हे चहा घेऊन दारात आले. दादाने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्हाला यातलं काही येत नाही ना?"

"मीटर वाचता येतात," हे म्हणाले.

"उत्तम." आणि फ्लूट ह्यांच्या हातात.

ह्यांनी तो गरम चहा फुंकावा तसा फुंकला. काय आवाज आला ते लिहिता येणार नाही. दादाला ऐकू आला नाही, पण त्याने माझा चेहरा बघितला, आणि वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

चहा झाल्यावर त्याने चांगल्यांतला एक फ्लूट निवडून माझ्यापुढे धरला. "आता तू वाजव."

"चालणार नाही म्हणालास ना?"

"तपासायला नाही."

मी खालचा सूर लावला आणि पुरेल तेवढा लांबवला. दादाने डोळे मिटले होते, दोन बोटं नळीच्या टोकावर होती. श्वास संपला तशी मी थांबले. त्याने बोटं काढली नाहीत.

"थांबलीस का?"

"श्वास संपला," मी म्हणाले. मग आठवलं, त्याचे डोळे मिटलेले आहेत. म्हणून वहिनीसारखं हळूच त्याच्या हातावर बोट टेकवलं आणि त्याने बघितल्यावर पुन्हा सांगितलं.

"मग घे की," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

मी पुन्हा सूर लावला. दुकान बंद करायची वेळ टळून गेली होती, पण शटर ओढायला कोणी उठलं नाही.